मुराळ्याची गाडी

आमच्या घरात चारचाकी यायची तर कुठली यावी, यावर माझं आणि नवऱ्याचं सहा महिने वाजत होतं. त्याला हवी होती छोटी, पेट्रोलवाली, कुठल्याही गल्लीत शिरणारी, शोरूममधून हार घालून आणायची. मला गाडीच्या तोंडाशी काही देणंघेणं नव्हतं. मला तिची पाठ लांब हवी होती. पावणेसहा फुटांचा माणूस पाय न दुमडता आत आडवा होईल, एवढी.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. आमच्या मराठवाड्यात सून सासऱ्याला मामा म्हणते, तशी मीही म्हणते. मामांचा सगळा जन्म कुंभार पिंपळगावच्या शिवारात गेला. विहिरीवर त्यांचं डिझेल इंजिन होतं, ते चाळीस वर्षं त्यांनी स्वतः हँडल मारून चालू केलं, स्वतः खोललं, स्वतः जोडलं. त्याच्या धडधडीनं त्यांचे कान गेले. कानाचं मशीन आणलं तर म्हणाले, ह्याच्यात नुसती शिट्टी वाजती, आणि कपाटात टाकून दिलं. आमच्याकडे जालन्याला राहायला आले आणि वर्षाच्या आत न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, ते फसलं, दुसरं झालं. तेव्हापासून उजवा पाय लोखंडी पहारीसारखा सरळ. वॉकर धरून चार पावलं उभे चालतात, बाकी सगळा वेळ आडवे. बसायचं म्हटलं की पाच मिनिटांत कळा.

आणि ह्या माणसाला बहिणीला आणायला जायचं होतं. त्यांची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची अक्का, वडीगोद्रीला दिलेली. लग्न झाल्यापासून दर नागपंचमीला तिला माहेरी न्यायला मुराळी म्हणून मामाच गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा आठ वर्षांचे होते म्हणे, चुलत्याच्या बैलगाडीत बसून. मग सायकल आली, मग एसटी आली, पण मुराळी बदलला नाही. ऐंशीच्या घरात आले तरी पंचमीच्या दोन दिवस आधी धुतलेलं धोतर नेसून निघायचे आणि बहिणीला पिशवीसकट घेऊन यायचे. पडल्यावर ते तुटलं. एक पंचमी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली.

आम्ही हात बांधून बसलो नव्हतो. पहिल्या वर्षी माझा नवरा गेला. अक्कांनी त्याला जेवू घातलं, दादांचा (तो वडिलांना दादा म्हणतो) पाय दुखतो हे सगळं ऐकून घेतलं आणि एकट्याला परत पाठवलं. दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं गेलो. माझी ओटी भरली, हातावर साखर ठेवली आणि तेच. तिसऱ्या वर्षी भाड्याची मोठी एसी गाडी नेली, मागं उशा लावून. अक्कांनी ओसरीवरूनच सांगितलं, "माझा मुराळी आल्याबिगर म्या उंबरा वलांडत न्हाई." मामांना फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून मी मोबाईलवर त्यांचा चेहरा दाखवायचा प्रयत्न केला. अक्कांना मोतीबिंदूपायी आधीच धूसर दिसतं. त्यांनी मोबाईल हातानं बाजूला सारला. म्हणाल्या, त्या काचंत कुणी बी दिसतंय, गेलेली माणसं बी नाचतेत त्याच्यात. परतीच्या वाटेवर मी जी बडबडले! म्हातारीचा हेका म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. माझी जीभ तशी आहेच.

चौथी पंचमी दोन महिन्यांवर आली तेव्हा मामांनी मला आणि नवऱ्याला खोलीत बोलावलं. ह्या पंचमीला मला अक्काला आणायचंय म्हणाले, कसं ते तुम्ही बघा. ती नव्वदीला टेकलीय, मी असा. पुढच्या सालाचं कोणी पाहिलंय. एवढं बोलून ते भिंतीकडे वळले. मामा कधी काही मागत नाहीत. त्यामुळे त्या दिवशी मला ऑफिसात एक आकडा धड मांडता आला नाही.

नवऱ्यानं ॲम्ब्युलन्स सुचवली. मामांनी ती एका वाक्यात उडवली, बहिणीच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी केली तर तिचं काळीज फुटंल. मग तो म्हणाला पिकअप करू, मागं गादी टाकू. मी म्हटलं, मामा काय मोसंबीचे कॅरेट आहेत का. सात माणसांच्या मोठ्या गाड्या बघितल्या, पण कुणाच्या सीट पूर्ण आडव्या होत नव्हत्या आणि कुणाच्या होत होत्या ती गाडी आमच्या ऐपतीत नव्हती. अखेर आमच्या ऑफिसातल्या शिपायानं एका गाडीचं सांगितलं. बियाण्याच्या धंद्यातले एक गृहस्थ, आता निवृत्त, त्यांच्याकडे एक जुनी डिझेल स्टेशन वॅगन पडून होती. पुढून साधी कार, मागून छप्पर तसंच लांब गेलेलं, डिक्कीचं दार वर उघडणारं. बियाण्याची पोती टाकून ते जिल्हाभर फिरायचे. पुन्हा पासिंग करून घेतलेली, कागद सगळे बराबर. पण असली गाडी इकडे कुणाला नको असते. मागून बोजड दिसते म्हणतात. त्यामुळे मागत होते ते अगदी कमी.

ते गृहस्थ गाडी आमच्या बिल्डिंगखाली घेऊन आले. मामा लिफ्टनं खाली उतरले, वॉकर टेकत गाडीजवळ गेले आणि काही न विचारता बॉनेटवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "गरम करून आणलीय. रातभर हितंच राहू द्या. सकाळी गार इंजिन चालू करून बघू." गृहस्थांचा चेहरा पडला. माझा नवरा लाजेनं अर्धा झाला, चांगल्या माणसावर असा संशय कशाला म्हणून मला कोपरानं ढोसत राहिला. पण मामांना ऐकूच येत नाही, त्यांची समजूत कोण घालणार. गृहस्थ किल्ली देऊन रिक्षानं गेले.

सकाळी सातला सगळे पुन्हा जमलो. वरच्या मजल्यावरच्या बायकासुद्धा कठड्याला येऊन उभ्या राहिल्या. मामांनी मला गाडीत बसवलं, कारण गाडी मीच चालवणार होते. नवऱ्याकडे लायसन्स आहे, हिंमत नाही. मी किल्ली फिरवली, गाडी एकदा खोकली आणि धडाडली. मागून पांढरा धूर आला आणि थोड्या वेळात विरळ झाला. मामांनी बॉनेट उघडायला लावलं. ऑइलचं झाकण काढून तिथून वाफारा येतो का बघितलं. मग वॉकरला अडकवून आणलेली, पेनाच्या जाडीची, हातभर लांब एक लोखंडी सळई काढली. ती त्यांनी गावाहून येताना ट्रंकेत आणली होती हे मला माहीतच नव्हतं.

सळईचं एक टोक त्यांनी दातांत धरलं आणि दुसरं चालू इंजिनवर टेकवलं. डोळे मिटले. एक जागा ऐकली, सळई बोटभर सरकवली, दुसरी ऐकली. कान गेल्यावर शेवटची काही वर्षं ते आपलं विहिरीवरचं इंजिन असंच दातांनी ऐकायचे, हे नवऱ्यानं मला तेव्हा हळूच सांगितलं. लग्नाला माझ्या बावीस वर्षं झाली, आणि मला हे ठाऊक नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी ते थांबले. पुन्हा मागं गेले, पुन्हा तिथं आले. सळई तोंडातून काढून म्हणाले, इंजिन झकास आहे, तीन नंबरचं डिझेल सोडणारं नोजल तेवढं गळतंय, ते बदला, बाकी हात लावू नका.

ते गृहस्थ वळले. जाऊन गाडीच्या पुढच्या कप्प्यातून मेकॅनिकचा एक कागद घेऊन आले. तीन नंबरच्या नोजलचंच काम त्यावर लिहिलेलं होतं, त्यांनी खर्च नको म्हणून केलेलं नव्हतं. ते मामांच्या पाया पडायला वाकले. तीन वर्षं मी ह्या माणसाला औषधं दिली, भांडं दिलं, पाठ पुसली, आणि मनात कुठंतरी त्यांना सामानात जमा केलं होतं. त्या सकाळी मला माझीच शरम वाटली. नोजलचे पैसे वजा करून सौदा तिथंच झाला.

मग आमची मोजामोजी सुरू झाली. मागची सीट पाडली की आत किती जागा होते, हे नवऱ्यानं मीटरपट्टीनं तीनदा मोजलं. गादी किती जाड हवी, उशी धरून मामांची लांबी किती, दार लावताना टाचा अडकतात का, सगळं कागदावर. कमरेला माझं जुनं लुगडं बांधायचं, म्हणजे ब्रेक लागला तर सरकणार नाहीत. रंगीत तालीम म्हणून पार्किंगमध्ये आधी मला आडवं केलं. वरून बायका हसत होत्या, मी आतून त्यांना हात करत होते. मामांचं डोकं पुढं, माझ्या सीटच्या मागं, आणि पाय डिक्कीकडं असं ठरलं, कारण उजव्या पायाला आत घालताना वळवायचं नव्हतं. काही राहिलं नाही याची नवऱ्याला अगदी खात्री होती.

पंचमीच्या दोन दिवस आधी सकाळी निघालो. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, आडवे झाले. शेजारी शिदोरीचा डबा. अंबडपर्यंत मी जीव मुठीत धरून चालवलं, खड्डा आला की मागं वळून बघायचे. मामा काचेतून आभाळ बघत होते. मधेच मोठ्यानं म्हणाले, चौथ्यात टाक, इंजिनाला कशाला पिळतीस. त्यांना पाठीतून कळत होतं. दोन्ही बाजूला कपाशी गुडघ्याएवढी झालेली, ती त्यांना आडवं पडून दिसत नव्हती, म्हणून नवरा त्यांच्या कानाशी ओरडून कुणाच्या रानात काय आहे ते सांगत होता. तीन वर्षांनी तो माणूस घराबाहेर पडला होता. मला इतकं भरून आलं की अंबडच्या पुढं मी एकदा गाडी बाजूला घेऊन पाणी प्याले.

वडीगोद्रीला अक्कांच्या दारासमोर, पाठ दाराकडं करून गाडी थांबवली आणि मी वर पाहिलं. सात पायऱ्या. दगडी, उंच, अरुंद. त्या घराला आम्ही किती वेळा जाऊन आलो असू, आणि मीटरपट्टीनं जगातलं सगळं मोजताना ह्या पायऱ्या आमच्यापैकी एकालाही आठवल्या नव्हत्या. मुराळ्यानं रस्त्यावरून हाक मारायची नसते. त्यानं उंबऱ्याच्या आत जायचं, पाणी प्यायचं, घरच्या मोठ्या माणसाला विचारायचं आणि मग बहिणीला घेऊन निघायचं. मामा त्या सात पायऱ्या ह्या जन्मात चढणार नव्हते. मी नवऱ्याकडे बघितलं. मामांना वारा तरी लागू दे म्हणून त्यानं जाऊन डिक्कीचं दार वर केलं.

अक्का ओसरीवर खांबाला धरून उभ्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून बाहेर आल्या असाव्यात. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून त्यांनी खाली बघितलं. मग त्यांचा हात खांबावरून घसरला आणि त्या होत्या तिथं बसल्या. तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं उन्हानं चक्कर आली. त्यांची सून, साठीची बाई, आतून पाणी घेऊन धावत आली. नवरा खालून सांगू लागला, अक्का, दादा आलेत, दादा आलेत बघा. अक्का भिंतीकडून वळेचनात.

मी गाडीच्या मागं गेले, दोन पायऱ्या चढले आणि त्यांच्या बाजूनं वळून गाडीकडं बघितलं. लांब गाडी, उघडं दार, पांढरं धोतर, आणि दोन उताणी पावलं. बाकी काही नाही. मयत आणतात, तसंच.

मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं. गाडी थांबली, दार उघडलं, म्हणजे अक्काचं घर आलं, एवढंच त्यांना कळलं. ज्यांना ऐकू येत नाही ते मोठ्यानं बोलतात. छताकडे बघत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी दरवर्षीचं विचारणं विचारलं. "पंचमीला माझ्या बहिणीला न्यायला आलोय. धाडता का?"

अक्कांची मान वळली.

विचारलं कुणाला, हाच प्रश्न होता. त्या घरातली ज्यांना विचारायचं ती सगळी मोठी माणसं कधीच गेलेली. उरली होती ती सून. ती बाई तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. आजवर तीच सगळ्यांना विचारत आली होती, तिला कुणी कशाला विचारलं असेल. मग तिनं पदर डोक्यावर घेतला, सात पायऱ्या उतरून खाली आली आणि तांब्यातलं पाणी मामांच्या दोन्ही पावलांवर घातलं. आपल्या पदरानं पुसलं. आणि त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणाली, "धाडते मामा. पंचमी झाली की आणून घाला."

अक्का उठल्या नाहीत. बसल्या बसल्याच पहिल्या पायरीवर आल्या. पाय खाली, मग हात टेकून बाकीचं शरीर, मग दुसरी पायरी. मी आधाराला हात पुढं केला तर त्यावर चापट बसली. अर्धी गल्ली गोळा झाली होती. एवढीशी, चिपाडासारखी बाई, एकेक पायरी मोजून घेतल्यासारखी उतरत होती, आणि मी आयुष्यात बघितलेल्या कुठल्याही गोष्टीपुढं माझा माथा असा झुकला नव्हता. खाली येऊन त्यांनी गाडीला धरलं, उभ्या राहिल्या आणि मामांच्या उजव्या पायाचा अंगठा चिमटीत पकडून असा पिरगाळला की मामा कळवळले. मग हात वर सरकवत नेला. गुडघा दाबून बघितला, तो वाकेना. धोतराच्या वरून खुब्यावरची लांब शिवण चाचपली.

"पाय खरंच मोडलाय की रे तुझा," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडं वळल्या. आवाज अगदी शांत. "मधलीचा बी पायच दुखत होता."

मधली म्हणजे ह्या दोघांच्या मधली बहीण. ती गेली तेव्हा अक्कांचे यजमान नुकतेच वारले होते, डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हणून बजावलं होतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं, अक्काला इतक्यात सांगायचं नाही. अक्का विचारायच्या, मधली का येत न्हाई, आणि जो जाईल तो सांगायचा, तिचा पाय दुखतो. वर्षभर सांगितलं. शेवटी एका लग्नात कुणी परकी बाई त्यांच्या गळ्यात पडून रडली तेव्हा त्यांना कळलं. त्यावर त्या कुणालाच काही बोलल्या नव्हत्या. आम्हाला वाटलं, बरं झालं, निभावलं. आणि पायाचं ते कारण त्या वेळी मी शोधून काढलं होतं, मीच.

"तीन सालं तुम्ही येऊन तेच सांगून राह्यले," अक्का म्हणाल्या. "म्या वळखलं. तिकडं आले असते अन् हा न्हाई दिसला, मंग कुठं जायचं होतं म्या? हितं बसले होते तवर जिता होता."

नवरा खाली बघत होता, अक्कांची सून तोंडाला पदर लावून उभी होती. फक्त मामांना ह्यातला एक शब्द ऐकू गेला नव्हता. ते कोपरावर रेटून डोकं उचलायचा प्रयत्न करत होते. काय म्हणून राह्यली अक्का, त्यांनी मला विचारलं.

काही नाही, चला म्हणतात, असं सांगणं अगदी सोपं होतं. अक्का माझ्याकडेच बघत होत्या. मी बाजूचं दार उघडून आत वाकले आणि मामांच्या कानाला तोंड लावून ओरडले, "तुम्ही गेलात आणि आम्ही लपवतोय, असं वाटत होतं त्यांना. तीन वर्षं."

मामा आधी हसले. मग त्यांचं हसू मावळलं. हातानं चाचपत त्यांनी शिदोरीचा डबा बाजूला केला, कमरेचं लुगडं सोडलं, कोपरावर रेटत स्वतःला गाडीच्या कडेला नेलं आणि गादीवर अर्धी जागा केली. अक्का आत चढल्या.